सावळाराम तात्यांचं खाकरणं

तात्या वरच्या मजल्यावर निघाले की आधी त्यांचं खाकरणं वर जायचं, मग तात्या. जिन्याच्या वळणावर एकदा, गॅलरीच्या तोंडाशी एकदा, आणि ज्या दारात जायचं त्या दारापासून चार हात लांब उभं राहून आणखी एकदा. मग थांबायचं. आत भांडं सरकल्याचा आवाज व्हायचा, दोरीवरचं काहीतरी ओढल्याचा, टीव्ही बारीक केल्याचा. हे सगळं निवलं की तात्या विचारायचे, "हाय का कुणी?" आत माणूस आहे हे पक्कं माहीत असतानाही विचारायचे.

बारामतीच्या त्या दुमजली बिल्डिंगची देखरेख सावळाराम म्हेत्रे करत. जिन्याखालच्या खोलीत ते आणि त्यांची बायको कौसल्याबाई राहत. भाडेकरू बहुतेक एकटीदुकटी माणसं, कुणी कॉलेजात शिकवणारा, कुणी एमआयडीसीत कामाला. उत्कर्षा दवाखान्यात नर्स होती. फलटणकडची. ती राहायला आली, काही दिवस तिनं ते खाकरणं ऐकलं आणि एका दुपारी ड्यूटीवरून येताना तात्यांच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली.

"सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. आणि तात्या, एकदा छातीचा फोटो काढून घ्या. मी बोलते डॉक्टरांशी."

तात्या बाटलीकडं बघत राहिले. कौसल्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या त्या थांबेचनात.

"अगं पोरी, त्येंच्या छातीला काय धाड भरलीया! त्यो खोकला न्हवं, ती बेल हाय."

औषध वाया कशाला घालवायचं म्हणून तात्यांनी ते पिऊन संपवलं. त्या आठवड्यात त्यांना झोप मात्र फार गाढ लागली.

ही बेल भवानीनगरची होती. तशी ती त्याच्याही आधीची. वरकुट्यात, म्हणजे तात्यांच्या गावी, त्यांच्या लहानपणी, गडीमाणसं उंबऱ्यापाशी खाकरल्याशिवाय आत यायची नाहीत. पण तो धाक होता. खाकरणं ऐकू आलं की सुना चुलीपाशी सावरून बसायच्या, चाललेलं हसणं मध्येच तुटायचं. सावळारामला मिसरूड फुटली आणि तो भवानीनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत चुना मारायच्या कामाला लागला, तेव्हा तेच खाकरणं त्याला नव्यानं शिकावं लागलं. शिकवलं मानसिंग मिस्त्रींनी.

उसाचं गाळप संपून कारखाना थंड झाला की कॉलनीच्या डागडुजीचे दिवस येत. दसऱ्याच्या आसपास पुन्हा बॉयलर पेटायचा, त्याच्या आत सगळ्या क्वार्टरांना चुना लागायला हवा असे. मोठ्या पिंपात चुना विरायला टाकायचा. तो स्वतःच उकळल्यासारखा बुडबुडायचा. मग त्यात डिंक, चिमूटभर नीळ. पहाटे पिंपाजवळ उभं राहिलं की एका नाकपुडीत ओल्या चुन्याचा वास आणि दुसऱ्यात मळीचा. तात्यांना आजही वाटतं की स्वच्छपणाला काही वास असेल तर तो हाच, थोडा आंबूस, थोडा गार.

चुना मारायचा म्हणजे आधी घर अंगणात यायचं. पेट्या, गाद्या, डबे, देव, पाळणा. चार भिंतींत झाकलेलं सगळं उन्हात मांडलं जायचं. मोठ्या साहेबांच्या घरातले डबे हलके निघायचे आणि फिटरच्या घरातून चांदीचं ताट. गाद्यांवरचे डाग, उशांची ठिगळं, कुणाच्या तरी लग्नातली कधीच न नेसलेली पैठणी. आणि नेमकं त्याच दिवशी लाइनीतल्या बायकांना त्या अंगणावरून जायचं काहीतरी काम निघायचं. विरजण मागायला, नाहीतर शेळी शोधायला. शेळी कुणाचीच नसायची.

मानसिंग मिस्त्री बादली खाली ठेवायच्या आधी त्या सामानावर ताडपत्री टाकायचे. आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन वर्दी द्यायचे, "वैनी, उद्या तुमचं घर." म्हणजे काय हलवायचं, काय झाकायचं ते घरच्या बाईला ठरवता यावं. आणि सकाळी दारात खाकरायचे. त्यांचं खाकरणं वरकुट्यासारखं नव्हतं. त्यात 'सावरून बसा' असं काही नसायचं. 'तुमचं होऊ द्या, मी हितं हाय,' असं असायचं.

"चपला काढतोस न्हवं दारात? तसं डोळंबी भाईर काढून ठिवायचं," ते सावळारामला म्हणायचे. "भिंत बघाय आलाईस, भिंत बघ."

"आन् वाटंत काय दिसलं तर?"

"दिसलं तर दिसलं. बघायचं न्हाय."

दिसणं आणि बघणं यांतला फरक कळायला सावळारामला दोन-तीन हंगाम लागले. पुढं कॉलनीतल्या प्रत्येक भिंतीला तो ओळखायला लागला. कुठली पोपडे धरते, कुठली पावसाळ्यात घाम सोडते. त्या भिंतींच्या आत राहणाऱ्यांविषयी त्याला बरंच ठाऊक होतं आणि बाहेर कुणी विचारलं तर काहीच ठाऊक नसायचं. संध्याकाळी चुना वाळून भिंतीला निळसर उजाळा यायचा. सामान आत लागायचं. आणि त्या घरची माणसं थोडा वेळ हळू आवाजात बोलायची, जणू दुसऱ्याच्या घरी पाहुणी आली आहेत. बादल्या धुता धुता सावळारामला ते हळू बोलणं ऐकू यायचं. दिवसभराच्या कामात त्याला सगळ्यात आवडायचं ते हे.

त्याच कॉलनीत इंद्रजितराव केमिस्ट होते. त्यांनी पुढं बारामतीत ही बिल्डिंग बांधली आणि सावळाराम कामावरून निवृत्त झाल्यावर त्यांना निरोप धाडला. "तुला घरं कळतात. माझ्या खोल्या बघ. खालची खोली तुमच्या दोघांची."

कारखान्याची क्वार्टर नोकरीबरोबर आली होती आणि नोकरीबरोबर गेली. आता ही खोली. तात्यांनी आयुष्यभर शेकडो घरं पांढरी केली, स्वतःचं असं घर कधी झालं नाही. वरकुट्याचं घर वाटण्यांत भावाच्या पोराकडं, युवराजकडं गेलं होतं. त्यामुळं जिन्याखालची खोली हेच त्यांचं सगळं होतं आणि ती इंद्रजितरावांच्या शब्दावर टिकून होती.

इंद्रजितरावांची पाहणी बघण्यासारखी असे. महिन्यातून एकदा यायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे, कौसल्याबाईंच्या हातचा चहा घ्यायचे. भाडेकरूच खाली यायचे, नळ गळतोय, पंखा आवाज करतोय, म्हणून सांगायचे. इंद्रजितराव ऐकून घ्यायचे आणि उठायचे. जिना कधी चढले नाहीत. कॉलेजातल्या एका मास्तरांनी आग्रह केला, वर या, चहा घ्या, तर म्हणाले होते, "भाडेकरूचं घर म्हणजे लेकीचं सासर. हक्काचं खरं, पण बोलावल्याशिवाय जाऊ नये. आज बोलावलंत, आता येतो." आणि त्या दिवशी तेवढे वर गेले.

इंद्रजितराव वारल्यावर बिल्डिंग ऋषिराजकडं आली, त्यांच्या मुलाकडं. पुण्यात राहायचा, शनिवारी गाडी घेऊन यायचा. वाईट नव्हता. कॉलनीतच लहानाचा मोठा झालेला, चुन्याच्या पिंपात हात घालतो म्हणून तात्यांनी कितीदा त्याला उचलून बाजूला ठेवलेला. तात्यांना तो तात्याच म्हणायचा. त्यानं त्यांना नवा फोन आणून दिला आणि फोटो काढायला शिकवलं.

"आता सगळं सिस्टीमनं करायचं, तात्या. महिन्याला प्रत्येक खोलीचं इन्स्पेक्शन. आत जायचं, फोटो काढायचे, मला पाठवायचे. भाडेकरू नसले तरी चालेल. नसले तर उलट बरं, खरं काय ते दिसतं."

तात्यांनी मान डोलावली. आणि त्यांच्या पद्धतीनं केलं. आदल्या दिवशी प्रत्येक दारात वर्दी दिली, दुसऱ्या दिवशी खाकरले, थांबले, मग आत जाऊन फोटो काढले. संध्याकाळी ऋषिराजचा फोन आला.

"तात्या, हे काय पाठवलंय?"

"खोल्या."

"ह्यात खोली कुठंय? हा पंखा आहे. हाही पंखा. हे काय आहे काळं काळं?"

"वल आलीया कोपऱ्याला. वरच्या टाकीचं पाणी झिरपतंय. बॉलकॉक बदलाय पायजे बघा."

"अहो, खाली काय आहे ते दाखवा ना! गॅस किती आहेत, माणसं किती राहतात, भिंतींना खिळे किती ठोकलेत..."

"खाली त्येंचं सामान हाय."

"तेच पाहिजे मला!"

"ते आपलं न्हाय. आपल्या भिती आन् छत. ते पाठीवलं."

 पलीकडं ऋषिराज हसला, वैतागून का होईना. कौसल्याबाईंनी फोन हातात घेऊन ते फोटो बघितले आणि म्हणाल्या, "सगळ्या बिल्डिंगीत निसतं पंखंच राहायला आल्यात वाटतं."

उत्कर्षाच्या खोलीतला नळ त्याच सुमाराला बिघडला. तिनंच बोलावलं. तात्या पाना घेऊन गेले, खाकरले, थांबले. ती म्हणाली, "या की तात्या," पण दारातून बाजूला व्हायला तिनं जरा वेळ घेतला.

आत सगळीकडं चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. आरशावर, कपाटावर, खिडकीच्या गजावर, मिठाच्या बरणीवरसुद्धा. इंग्रजीसारखी अक्षरं, पण इंग्रजी नव्हे. तात्यांना दिसल्या. त्यांनी बघितल्या नाहीत. नळाचा वॉशर बदलला, ओटा पुसला आणि निघाले. दारात तीच म्हणाली, "तात्या, विचारलं नाहीत तुम्ही?"

"काय?"

"ह्या चिठ्ठ्या."

"मी नळ बघितला, पोरी."

ती मग दाराच्या चौकटीला टेकून बोलत राहिली. ती जर्मन शिकत होती. तिकडं नर्सेस लागतात. परीक्षा पास झाली तर जाता येणार होतं, आणि घरी दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या. मोबाइलवर धडे लावून ती तासन्‌तास त्यांच्यामागून म्हणत बसायची. दवाखान्यात अजून कुणाला माहीत नव्हतं. तिच्या आधी एकीनं विश्वासानं सांगितलं होतं, तर ऐन परीक्षेच्या दिवशी तिची रजा नामंजूर झाली.

"आणि तुमचे मालक नि आमचे मॅनेजर एका ताटात जेवणारे. परीक्षा होईपर्यंत कुठं बोलू नका, तात्या. काकूंना सांगितलं तर चालेल."

"मी न्हाय सांगायचो तिला," तात्या म्हणाले. "तिला तूच सांग. माझ्याकडनं जायाचं न्हाय."

म्हणून तिनं संध्याकाळी खाली येऊन सांगितलं. कौसल्याबाईंना त्यात फार गंमत वाटली. तवा, मीठ, पाणी, एकेकाला काय म्हणतात ते त्यांनी विचारून घेतलं.

"आन् दाराला?"

"ट्यूर."

"टूर? आन् तितं दुसऱ्याच्या टूरमंदी जायाचं म्हंजी खाकरत्यात का?"

"खाकरत नाहीत काकू. पण घरमालकाला यायचं असेल तर काही दिवस आधी कळवून येतो म्हणे."

"मंग आमच्या म्हाताऱ्याला घिऊनच जा तिकडं. शोभून दिसंल."

त्यानंतरच्या एका शनिवारी ऋषिराज आला तो गाडीतून उतरतानाच कपाळाला आठी घेऊन. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून पुरुषाचा आवाज येतो, असं त्याला कुणीतरी कळवलं होतं.

"ती एकटी राहते म्हणून खोली दिली आपण. आत कोण असतं?"

"कोण नसतं." तो आवाज मोबाइलमधल्या मास्तराचा, हे तात्यांना ठाऊक होतं. तेवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण मास्तर म्हटलं की कसला, हे आलं आणि मग सगळंच आलं.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर छत बघता!"

"कोण नसतं, एवढं सांगतो."

"मग मी बघून येतो ना. किल्ली द्या तिच्या खोलीची."

"ती चारला येती ड्यूटीवरनं. तवा इचारू आन् जाऊ."

"तात्या, बिल्डिंग माझी आहे."

"व्हय की. बिल्डिंग तुमचीच हाय. पर ती घरात न्हाय."

ऋषिराजनं मान हलवली, आवाज खाली आणला. "बरं, राहू द्या. टाकीचा बॉलकॉक आणायचा होता ना? जा, घेऊन या तेवढा. मी थांबतो." तात्यांना बरं वाटलं. सायकल काढून ते हार्डवेअरच्या दुकानाकडं निघाले.

परत आले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. सवयीनं ते उंबऱ्यापाशी खाकरले. आतून कौसल्याबाईंचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. "तुमीच हाय न्हवं?"

त्या दिवशी त्यांनी वर्षाचं तिखट कुटून आणून चाळलं होतं. अंगाची आग व्हायला लागली म्हणून दार नुसतं लोटून भरदुपारी अंघोळीला बसल्या होत्या. खोलीच्याच कोपऱ्यात आडव्या भिंतीमागं न्हाणी, तिला पडदा. त्या पडद्याच्या आत त्या अजून तशाच बसलेल्या होत्या, ओल्या लुगड्यात, हातात तांब्या धरून. खाटेवर त्यांची पत्र्याची पेटी उघडी पडलेली. घड्या विस्कटलेल्या. ती पेटी इतक्या वर्षांत तात्यांनीही कधी उघडली नव्हती.

"दार वाजलं," त्या हळू म्हणाल्या. "मी म्हणणार हुते, आलासा व्हय. पर खाकरलं न्हाय. म्हटलं, हे न्हवंत. बुटाचा आवाज. मंग पेटीचा आवाज. डबं काढलं एकेक. मी पाणीबी वतलं न्हाय अंगावर. म्हटलं, आवाज व्हईल."

तात्यांनी पेटीचं झाकण लावलं. आतल्या कशालाही हात न लावता. मग दोरीवरचं कोरडं लुगडं पडद्यावरून आत दिलं आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.

ऋषिराज अंगणात बापाच्याच खुर्चीवर बसून फोन बघत होता. "किल्ल्या ठेवता कुठं तात्या तुम्ही? सगळं शोधलं मी."

किल्ल्यांचा जुडगा तात्यांच्या बंडीच्या खिशात होता. नेहमीच असायचा.

"घरात बाईमाणूस हुतं," तात्या म्हणाले.

"कोण? मला तर कुणी दिसलं नाही."

"न्हाणीत हुती. अंगावर पाणी घेत."

ऋषिराजच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो उठून उभा राहिला. क्षणभर तो पिंपापाशी पकडलेल्या पोरासारखा दिसला. "काकू? आईशप्पथ तात्या, मला माहीत नव्हतं. पण मग... त्यांनी आवाज द्यायचा ना!"

"घरात हाय त्येनं कशापायी आवाज द्यायचा? येतो त्येनं द्यायचा."

एवढं बोलून तात्या थांबले. ते कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत, आताही बोलले नव्हते. पण वरच्या गॅलरीत कुणीतरी दार उघडून पुन्हा लावून घेतलं.

ऋषिराजला लाज वाटली होती, हे दिसत होतं. लाजेचं काय करायचं ते मात्र त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्यानं रागाचा आधार घेतला. "ते वेगळं झालं. मी काकूंची माफी मागेन. पण वरच्या खोलीचं काय? शेवटचं विचारतो. किल्ली देता का नाही? नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मग ही खोलीही त्यालाच द्यावी लागेल, तात्या, मी काय करू?"

तात्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं. आत कौसल्याबाई लुगडं बदलत असतील. या वयात बिऱ्हाड हलवायचं. कुठं? वरकुट्याला युवराजच्या ओसरीवर? वरच्या खोलीत आरशावर, कपाटावर, मिठाच्या बरणीवर चिठ्ठ्या होत्या. दार उघडलं असतं तर ऋषिराजनं फोन काढला असता, आणि संध्याकाळी जेवताना मॅनेजरला गंमत म्हणून दाखवला असता. कुणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे. दिसलं, म्हणून.

त्यांनी जुडगा बाहेर काढला. नखानं कडं फाकवून एक किल्ली काढली आणि बाकीचा जुडगा खुर्चीवर ठेवला.

"ह्या तुमच्या. ही तिची, ती आली की तिच्या हातात दीन. तिला इचारा, ती दील तुमाला."

"तात्या!"

"माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

ऋषिराज जुडगा न उचलताच गाडीत बसला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

चार वाजून गेल्यावर उत्कर्षा आली. तात्या नेहमीसारखे वर गेले, थांबले आणि तिच्या हातात किल्ली दिली. काय झालं ते थोडक्यात सांगितलं, न्हाणीचं सोडून. ते तिला कौसल्याबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण रात्रीचा स्वयंपाक तिनंच केला आणि वरून ताट झाकून आणलं. चिठ्ठ्या तिनं त्याच संध्याकाळी उतरवल्या. दुसऱ्या दिवशी ऋषिराज आला, तिनं पाच मिनिटं मागून घेतली आणि मग दार उघडून दिलं. आत एकटीचं सामान होतं. त्यानं भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या डागांचे फोटो काढले आणि गेला. जाताना तात्यांच्या दाराबाहेर थोडा वेळ उभा राहिला. आत कौसल्याबाई होत्या. त्यांना त्याच्या बुटांचा आवाज कळला. मग ते बूट फाटकाकडं वळले.

महिना संपायच्या आत त्याचा फोन आला. फार गोड बोलला. पुण्याची एक एजन्सी आता बिल्डिंग बघणार होती. "तुम्ही किती दिवस दगदग करायची, तात्या? आता आराम करा." मग जरा थांबून म्हणाला, "काकूंना सांगा, चुकलं माझं." तात्यांनी ते तसंच्या तसं सांगितलं. कौसल्याबाई भाजी निवडत होत्या. "चुकलं तर चुकलं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "लहानपणी लई गोड हुतं पोरगं."

युवराज म्हणाला, "या की आबा, घर तुमचंच हाय." मनापासून म्हणाला. पण त्या घरात त्यांना जागा होती ती ओसरीवर, जिथून सगळं घर दिवसभर ये-जा करणार.

"मी न्हाय वसरीवर झोपायची ह्या वयात," कौसल्याबाई म्हणाल्या. "जाणारायेणाऱ्यानं माझं घोरणं ऐकायचं व्हय?"

"तू घोरतीस?"

"मंग काय पंखा घोरतो?"

जागा उत्कर्षानंच शोधली. तिच्या वॉर्डात फुलाबाई नावाच्या मावशी होत्या, त्यांच्या घराला लागून एक खोली रिकामी होती, कऱ्हेच्या पलीकडं. तात्या अजून नळाची, रंगाची फुटकळ कामं करू शकत होते, पेन्शन थोडी का होईना येत होती. क्वार्टर नोकरीची होती, जिन्याखालची खोली कामाची होती. भाड्याचं घर तात्या आयुष्यात पहिल्यांदाच घेत होते.

बिऱ्हाड हलवायच्या दिवशी त्यांचं सामान अंगणात आलं. कॉलेजचे मास्तर, उत्कर्षा, वरची एमआयडीसीतली दोघं पोरं, सगळी टेम्पोत चढवायला उतरली. सामान ते केवढं. तरी कुणीच ते न्याहाळत नव्हतं. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी वाकून विचारलं, "काकू, ही उचलली तर चालेल का?" कौसल्याबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना एकदम भवानीनगरची आठवण झाली, मिस्त्रींची ताडपत्री आणि आपल्या क्वार्टरला चुना लागला तेव्हा अंगणावरून शेळी शोधत जाणाऱ्या बायका. त्या वर्षी आपल्याला किती राग आला होता, आणि त्यातल्याच एकीनं संध्याकाळी गरम भाकरी आणून दिली होती. त्या बायका आता कुठं असतील, असं त्या टेम्पोत तात्यांना म्हणाल्या. तात्या म्हणाले, "निम्म्या गेल्या असतील." मग दोघंही रस्ता बघत राहिले. उसाचे ट्रॅक्टर भवानीनगरच्या दिशेनं चालले होते.

नव्या खोलीत सामान लागलं. चूल मांडून झाली तोच फुलाबाई दार ढकलून थेट आत. हातात आमटीची वाटी.

"काय गं, काय टाकलंय?" म्हणत त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलंसुद्धा. "पिठलं व्हय? बरं बरं. आन् हे काय, दाजी बनियनवर बसल्यात! बसा बसा, मी काय परकी हाय?"

तात्या सदरा शोधायला उठले, तो बोचक्यात होता, बोचकं सुटेना. कौसल्याबाईंना हसू आवरेना. फुलाबाईंनी बसून घेतलं, कुठल्या, लेकरं किती, गुडघं दुखतात का, सगळं विचारलं, स्वतःचं सगळं सांगितलं आणि वाटी तिथंच ठेवून निघून गेल्या. बाई मायाळू होती, यात शंका नव्हती.

त्या गेल्यावर तात्या उठले. दार लोटलं. कडी जरा गंजलेली होती, ती वर उचलून फिरवली आणि आतून घातली.

"दिवसाउजेडी कडी कशाला?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"बघतोय."

"काय?"

"लागती का."

कडी लागली होती. तात्या तिथंच उभे राहिले, दाराला पाठ लावून. बाहेर फुलाबाई कुणाला तरी हाका मारत होत्या, पलीकडं कुणाचा तरी मोटरपंप सुरू झाला. कौसल्याबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, पाय लांब सोडले आणि भिंतीला टेकून बसल्या.